अपोहन-नलिका बसविण्याच्या शस्त्रपद्धती : वऱ्हाडाच्या दृष्टीने एक ऐतिहासिक विचार

शस्त्रक्रियेच्या इतिहासात दोन पद्धतींची तुलना करण्याचा प्रसंग आला म्हणजे ती तुलना बहुधा शस्त्रक्रियागृहाच्या चार भिंतींच्या आतच पूर्ण केली जाते. वेळ किती लागला, रक्तस्राव किती झाला, जखम किती दिवसांत भरली आणि वर्षअखेर नळी चालू राहिली की नाही, एवढे प्रश्न विचारले की परीक्षकाचे समाधान होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटात अपोहनासाठी, म्हणजे डायलिसिससाठी, कायमची नळी बसविण्याच्या पद्धतींबाबतही हेच घडलेले आहे. परंतु या पद्धतींचा इतिहास बारकाईने पाहिला, तर प्रत्येक पद्धतीच्या जन्मामागे नळी कोणी बसवावयाची आणि कोठे बसवावयाची हा व्यावहारिक प्रश्न उभा असलेला दिसतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांपुरता विचार केला, तर आजही तोच मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मोठ्या शहरांतील रुग्णालयांनी लावलेला पद्धतींचा श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम जसाच्या तसा उचलता येईल काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

प्रथम प्रदेशाविषयी थोडेसे. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरील खोल गाळाच्या प्रदेशात भूगर्भातील पाणी खारे आहे. म्हणून या भागास खारपाणपट्टा असे नाव पडले. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. पूर्वी या खोऱ्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे, यावरून त्या पाण्याची कल्पना येईल. कापूस, तूर, हरभरा यांना ही काळी जमीन मानवते. माणसाला तिच्या पोटातले पाणी मानवत नाही, अशी येथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण या गावांत फार आढळतात ही तक्रारही जुनी आहे.

या तक्रारीसंबंधी सावधपणे बोलले पाहिजे. पाण्यातील क्षार हेच या विकाराचे मूळ असे निश्चयाने म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. मधुमेह व रक्तदाब, मुतखडा, अंगदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, वैशाखातील उन्हात राबताना शरीरातील पाणी आटणे, या कारणांचाही हिशेब करावा लागतो, आणि तो एकमेकांपासून सोडवून दाखविणे सोपे नाही. परंतु रोगाच्या कारणाशी पाण्याचा संबंध वादग्रस्त असला, तरी उपचाराशी असलेला त्याचा संबंध वादातीत आहे. यंत्राच्या साहाय्याने रक्ताचे अपोहन करताना साधारणपणे मिनिटास ५०० मिलिलिटर या गतीने द्राव वाहता ठेवावा लागतो. चार तासांच्या एका खेपेस १२० लिटर द्राव लागतो, आणि तो तयार करण्यासाठी लागणारे पाणी जवळजवळ निःक्षार असावे लागते. आठवड्यातून तीन खेपा धरल्या तर एका रुग्णामागे ३६० लिटर झाले. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी वेगळेच. उलट, पोटाच्या आतील पडद्याद्वारे घरी करावयाच्या अपोहनात दोन लिटरच्या चार पिशव्या, म्हणजे दिवसास आठ लिटर निर्जंतुक द्राव पुरतो, आणि तो कारखान्यातून तयार होऊन येतो. ज्या प्रदेशात पिण्याचे गोडे पाणी दुरून नळाने आणावे लागते, तेथे या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षणीय मानता येणार नाही. म्हणूनच पोटात बसवावयाच्या नळीचा प्रश्न वऱ्हाडात केवळ शस्त्रवैद्यांपुरता राहत नाही.

पोटाच्या भिंतीतून नळी आत घालण्याची कल्पना आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत जलोदराची चिकित्सा सांगताना नाभीच्या खाली डाव्या बाजूस व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करावा, त्यातून दोन्ही तोंडे उघडी असलेली धातूची किंवा पिसाची नळी घालून दूषित पाणी काढावे, आणि ते सर्व एकाच दिवशी काढू नये, असे सांगितले आहे. यावरून अपोहनाचा शोध प्राचीनांना लागला होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरला पाहिजे. पाणी काढणे आणि पडद्यातून विष गाळून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मात्र वेधासाठी मध्यरेषा सोडून बाजूची जागा निवडावी आणि द्राव सावकाश काढावा, या दोन्ही सूचना अनुभवातून आलेल्या आहेत हे निःसंशय. पैकी पहिलीचा प्रत्यय विसाव्या शतकातील शस्त्रवैद्यांना पुन्हा, आणि तोही बराच त्रास भोगून, घ्यावा लागला.

पाश्चात्त्य देशांतही आरंभ जलोदरापासूनच झाला. १७४४ मध्ये इंग्लंडातील ख्रिस्तोफर वॉरिक या शस्त्रवैद्याने जलोदराच्या एका रुग्णाच्या पोटातील पाणी काढून त्याऐवजी ब्रिस्टल येथील झऱ्याचे पाणी व मद्य यांचे मिश्रण आत सोडले होते. टॉमस ग्रॅहॅम याने १८६१ मध्ये पडद्यातून क्षार व चिकट पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेस ‘डायलिसिस’ हे नाव दिले. पोटातील अवयवांवर आच्छादन घालणारे जे पर्युदर, तेच असा पडदा म्हणून वापरता येईल हे त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांनी हळूहळू स्पष्ट झाले. आणि १९२३ मध्ये जर्मनीत गेऑर्ग गान्टर याने मूत्रमार्ग अडल्यामुळे रक्तात विष साठलेल्या एका स्त्रीच्या पोटात दीड लिटर क्षारद्राव सोडून तो परत काढला. तिला तात्पुरता उतार पडला, परंतु ती वाचली नाही.

पुढील दोन दशकांत हा उपचार अनेकांनी करून पाहिला. १९४६ मध्ये बॉस्टन येथे फ्रँक, सेलिगमन व फाइन यांनी दोन नळ्या वापरून, एकीतून द्राव आत व दुसरीतून बाहेर असा अखंड प्रवाह ठेवून, तीव्र मूत्रपिंडविकाराचा एक रुग्ण वाचविला. या यशाने मोठी आशा निर्माण केली. तरीही अडचण सर्वत्र एकच होती. द्रावाचे रसायन, क्षारांचे प्रमाण, साखरेची मात्रा ही कोडी रसायनशाळेत सुटत गेली. नळी मात्र सुटेना. काचेच्या, रबराच्या, धातूच्या नळ्या अडत, बाजूने गळत, आतड्यास टोचत, आणि त्यांच्या कडेने जंतू आत शिरून पर्युदरशोथ होई. दरम्यान हॉलंडमध्ये कोल्फ याने १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. नळीच्या दोषामुळेच पोटातील अपोहन मागे पडले आणि यंत्र पुढे गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

१९५१ मध्ये डॅलस येथील आर्थर ग्रोलमन याने अखंड प्रवाह सोडून देऊन द्राव आत काही काळ ठेवावा व मग काढावा अशी सोपी रीत बसविली. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे मॉर्टन मॅक्सवेल याने अनेक छिद्रे असलेली नायलॉनची नळी व कारखान्यात भरलेल्या द्रावाच्या बाटल्या यांची जोड घालून दिली. बाटली वर टांगली की द्राव आत जाई, तीच खाली ठेवली की बाहेर येई. या साधेपणाचे महत्त्व मोठे आहे. आता या उपचारास यंत्र लागत नव्हते, विशेषज्ञही लागत नव्हता. प्रशिक्षित परिचारिका व सामान्य खाट एवढ्यावर तो होऊ शकत होता. भारतातील जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत पुढे कित्येक वर्षे जो ‘पोटाचा डायलिसिस’ केला गेला, तो याच वंशातला. लोखंडी सळी आत असलेली कडक नळी जागेपुरती भूल देऊन पोटात उतरवावयाची, दोन-तीन दिवस अपोहन करावयाचे, मूत्र सुटू लागले की नळी काढून टाकावयाची. घोणस किंवा फुरसे चावल्यामुळे, अतिसारामुळे, अथवा प्रसूतीनंतरच्या जंतुदोषामुळे अकस्मात मूत्र बंद झालेल्या रुग्णास हा उपचार जीव परत देणारा होता. पावसाळ्यात कपाशीच्या शेतात निंदणी करणाऱ्या स्त्रीला सर्पदंश व्हावा आणि तिला वाचविण्यासाठी तासाभराच्या अंतरावर ही कडक नळी व चार बाटल्या असाव्यात, ही गोष्ट क्षुद्र नव्हती. यंत्राचा प्रसार झाल्यावर ही विद्या जिल्ह्यांतून जवळजवळ विसरली गेली, याची खंत कोणी फारशी केलेली दिसत नाही.

कडक नळी तीव्र विकारासाठी पुरेशी होती. परंतु ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली, त्याच्या पोटाला आठवड्यातून दोन-तीन वेळा नव्याने छिद्र पाडणे किती काळ चालणार? सिअ‍ॅटल येथे फ्रेड बोन व त्याचे सहकारी हेच करीत होते, आणि हेन्री टेन्कहॉफ हा तर १९६५ च्या सुमारास रुग्णाच्या घरी जाऊन प्रत्येक खेपेस नळी घालण्याचा उपक्रम चालवीत होता. व्हँकूव्हर येथील पामर याने तत्पूर्वी सिलिकोनची मऊ, लांब नळी वापरून पाहिली होती. तिच्या आधारे १९६८ मध्ये टेन्कहॉफ व शेख्टर यांनी दोन ठिकाणी डॅक्रॉनच्या नमद्याचे पट्टे चिकटविलेली सिलिकोनची नळी प्रसिद्ध केली. शरीरातील तंतू या नमद्यात शिरून त्यास घट्ट धरतात व जंतूंची वाट अडते. आज वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व नळ्या हिच्याच लेकी-नाती होत. या नळीबरोबर टेन्कहॉफने तिच्यासाठी एक विशेष ट्रोकारही केला. घरी, खाटेवर, शस्त्रक्रियागृहावाचून नळी बसविता यावी, ही त्यामागील दृष्टी होती. कायम नळीच्या इतिहासाचा आरंभ असा रुग्णाच्या घरातून झाला, हे पुढील तुलनांत सोयीस्करपणे विसरले गेले.

नंतरच्या पन्नास वर्षांत नळी फारशी बदलली नाही. बदलत गेली ती तिला आत नेण्याची वाट. ट्रोकाराचा मार्ग आंधळा होता. टोक आतड्यास लागण्याचे भय आणि छिद्र मोठे राहिल्यामुळे द्राव गळण्याचा दोष यांमुळे शस्त्रवैद्यांनी तो हाती घेऊन उघड्या शस्त्रक्रियेचे रूप दिले. त्वचेवर लहानसा छेद घेऊन थर उलगडीत पर्युदरापर्यंत जावयाचे, ते डोळ्यांनी पाहून उघडावयाचे, नळीचे टोक ओटीपोटात खोल सरकवावयाचे आणि बटव्याच्या नाडीप्रमाणे आवळता येणारा टाका घालून भोक मिटवावयाचे, अशी ही रीत आहे. आरंभी छेद मध्यरेषेवर घेत असत. मध्यरेषेवर स्नायू नाही, केवळ पांढरी पातळ पट्टी आहे. त्यामुळे गळती होई व पुढे अंतर्गळही होई. छेद बाजूस घेऊन नमद्याचा खोल पट्टा उभ्या उदरस्नायूच्या मांसात रुतविला की हे दोन्ही दोष बरेच कमी होतात, हे ध्यानात यावयास बराच काळ जावा लागला.

तिसरी वाट रक्तवाहिन्यांच्या शास्त्रातून आली. स्वीडनमधील सेल्डिंगर याने १९५३ मध्ये सुई, तार व तारेवरून सरकणारी नळी ही युक्ती क्ष-किरण परीक्षणासाठी काढली होती. १९९१ मध्ये झापाकोस्टा व सहकाऱ्यांनी ती टेन्कहॉफच्या नळीस लावली. सुईने पोटात द्राव भरून तार सोडावयाची, तारेवरून वाट रुंद करावयाची आणि फाटून निघणाऱ्या आवरणातून नळी आत ढकलावयाची. यास संपूर्ण भूल लागत नाही, शस्त्रवैद्यही लागत नाही. मूत्रपिंडतज्ज्ञ स्वतः हे करू शकतो. ज्याच्या पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्याचे शरीर फार स्थूल आहे, अशा रुग्णास ही पद्धती सहसा वर्ज्य मानतात.

चौथी वाट उदरदर्शकाची, म्हणजे लोकभाषेत दुर्बिणीची. १९९० नंतर तिचा प्रसार झाला. पोट वायूने फुगवून आतील स्थिती पडद्यावर पाहता येते. आतड्यांवर पडदा धरणारी चरबीयुक्त वपा नळीच्या छिद्रांत शिरून ती बंद पाडते, ती वपा वर टाचून ठेवता येते. जुन्या शस्त्रक्रियेने झालेल्या चिकट गाठी सोडविता येतात. आणि स्नायूच्या आवरणातून लांब तिरपा बोगदा करून नळीचे तोंड कायम ओटीपोटाकडे राहील अशी व्यवस्था करता येते.

या चौथ्या पद्धतीच्या श्रेष्ठत्वासाठी सर्वाधिक उद्‌धृत केला जाणारा पुरावा लॉस एंजेलिस येथील क्रॅबट्री व फिशमन यांचा, २००५ मधील आहे. उघड्या शस्त्रक्रियेने नळी बसविलेल्या ६३ रुग्णांत प्रवाह अडण्याचे प्रमाण शेकडा १७.५ होते, केवळ दुर्बिणीने पाहून बसविलेल्या ७८ रुग्णांत ते १२.५ होते, आणि दुर्बिणीसह बोगदा, वपा टाचणे व गाठी सोडविणे ही कामेही केलेल्या २०० रुग्णांत ते अवघे ०.५ होते. हे आकडे वाचताना बहुतेकांची दृष्टी पहिल्या व तिसऱ्या आकड्यांवर जाते. खरा बोध पहिल्या व दुसऱ्यातील अल्प अंतरात आहे. नुसत्या दुर्बिणीने फारसे काही साधले नाही. फरक पडला तो तिच्या मदतीने केलेल्या कामाने, आणि त्यांपैकी एक काम, म्हणजे स्नायूतील तिरपा बोगदा, उघड्या छेदातूनही बऱ्याच अंशी करता येते. शिवाय हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलेले नव्हते आणि शस्त्रवैद्याचा हात दरम्यान सराईत होत गेला असणार. यादृच्छिक चाचण्यांचा जो आढावा २००४ मध्ये स्ट्रिपोली व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, त्यात उघडी शस्त्रक्रिया व उदरदर्शक यांमध्ये पर्युदरशोथाच्या बाबतीत निर्णायक फरक आढळला नव्हता. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही भर आहे तो खोल पट्टा स्नायूत ठेवणे, बाहेरचे तोंड खाली किंवा बाजूस वळविणे, मूत्राशय व आतडे आधी रिकामे करणे, शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविकाची मात्रा देणे या बाबींवर. आणि या साऱ्या बाबी कोणत्याही वाटेने गेले तरी पाळता येतात.

आता वऱ्हाडाकडे वळावयाचे. १९४७ मध्ये नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि कठीण रुग्णांची अमरावती-अकोल्याहून होणारी यात्रा त्या दिशेने स्थिर झाली. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून सुमारे अडीचशे. अमरावतीस इर्विन व डफरीन आणि अकोल्यास लेडी हार्डिंग ही रुग्णालये लोकांच्या तोंडी अद्याप जुन्याच नावांनी आहेत. परंतु वैद्यकीय शिक्षणाची सोय येथे उशिराने आली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय १९८४ मध्ये, अकोल्यास शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये, आणि अमरावतीस शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाच्या शस्त्रक्रियाही झाल्या आहेत, ही प्रगती मोठीच.

उपचाराच्या खर्चाची व्यवस्था मात्र यंत्राच्या बाजूने झुकत गेली. भारतात फिरत्या रुग्णास करता येणारे पर्युदरीय अपोहन १९९१ मध्ये सुरू झाले, पण दीर्घकाळ ते सधनांचेच राहिले. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होते. पुढील वर्षी ती राज्यभर गेली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेमुळे यंत्रावरील अपोहन गरिबाच्या आवाक्यात आले, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. केंद्र शासनाचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला, त्याचा रोखही आरंभी यंत्रावरच होता. पर्युदरीय अपोहनासंबंधीची मार्गदर्शक सूत्रे २०१९ मध्ये आली. तोवर जिल्ह्यांत यंत्रे बसली होती, तंत्रज्ञ शिकले होते आणि रुग्णांनाही डायलिसिस म्हणजे यंत्र हेच माहीत झाले होते.

याचा परिणाम असा की, दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडचा रुग्ण जेव्हा धाप लागलेल्या स्थितीत, बहुधा फार उशिरा, शहरात पोहोचतो, तेव्हा त्याच्या मानेतील शिरेत तात्पुरती नळी घातली जाते. ती जीव वाचविते. हातातील धमनी व शिरा जोडून केलेला मार्ग, ज्यास फिस्टुला म्हणतात व ज्याची रीत १९६६ मध्ये ब्रेशिया व सिमिनो यांनी दिली, तो तयार व्हावयास काही आठवडे लागतात. तोवर हीच नळी राहते, कित्येकदा फार काळ राहते, आणि तिच्यावाटे रक्तात जंतू शिरण्याचा धोका रोज वाढतो. पोटातील नळीचा विचार या घटकेस कोणी करीत नाही, कारण ती बसविल्यावर साधारण दोन आठवडे थांबावे असा संकेत आहे आणि या रुग्णास दोन आठवडे नसतात. तथापि पट्टा स्नायूत नीट रुतविला असेल, तर रुग्णास उताणे निजवून थोड्या थोड्या द्रावाने ताबडतोबही आरंभ करता येतो, हा अलीकडचा अनुभव आहे. येथे शस्त्रपद्धतीचा प्रश्न पुन्हा निकडीचा होतो. अशा रुग्णास संपूर्ण भूल सोसवत नाही. त्याच्या रक्तातील पोटॅशियम वाढलेले असते, हृदय पाण्याने दबलेले असते. जागेपुरत्या भुलीखाली तासाभरात होणारी उघडी शस्त्रक्रिया, किंवा सुई-तारेची पद्धती, हीच त्या घटकेची पद्धती होय. आणि पैकी उघडी शस्त्रक्रिया उपजिल्हा पातळीवरील कोणताही सामान्य शस्त्रवैद्य, जो नित्य अंतर्गळाच्या शस्त्रक्रिया करतो, थोड्या शिक्षणाने आत्मसात करू शकतो. ज्या प्रदेशात मूत्रपिंडतज्ज्ञ मोजके आहेत व तेही दोन शहरांत एकवटलेले आहेत, तेथे हा गुण इतर अनेक गुणांवर भारी पडावयास हवा.

मग दुर्बीण वऱ्हाडात निरुपयोगी आहे काय? असे म्हणणे दुसऱ्या टोकाची चूक होईल. उदरदर्शकाचा या देशातील इतिहास पाहण्याजोगा आहे. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून निदानासाठी उदरदर्शक वापरण्यास आरंभ केला, आणि १९९० मध्ये तेथेच दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. परंतु सामान्य जनतेने दुर्बीण पाहिली ती याहून वेगळ्या ठिकाणी. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत, साध्या रुग्णालयांत व प्राथमिक केंद्रांत, जागेपुरती भूल व गुंगीचे औषध एवढ्यावर स्त्रियांच्या बीजवाहिन्या दुर्बिणीने बांधल्या जात. त्या शिबिरांतील घाई व हेळसांड यांवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि संपूर्ण भूल व अद्ययावत शस्त्रक्रियागृह यांवाचून दुर्बीण चालूच शकत नाही, हे विधान या इतिहासापुढे टिकत नाही. त्याच शिबिरांनी आणखीही एक गोष्ट मागे ठेवली आहे. वऱ्हाडातील पन्नाशीच्या पुढील कित्येक स्त्रियांच्या पोटावर त्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे, आणि आतील गाठी बाहेरच्या व्रणावरून मोजता येत नाहीत. अशा रुग्णांसाठी, तसेच एकदा बसविलेली नळी बंद पडली असेल तेव्हा, दुर्बीण हेच योग्य साधन होय. अमरावती व अकोला येथील मोठ्या रुग्णालयांनी ती या कामासाठी राखून ठेवावी, पहिली साधी नळी तालुक्याच्या जवळ बसावी, आणि दोहोंच्या नोंदी एकाच वहीत व्हाव्यात, ही विभागणी तर्कास धरून आहे.

या मार्गातील अडचणी झाकून ठेवण्यासारख्या नाहीत. महिन्याला सुमारे १२० पिशव्या, म्हणजे जवळपास अडीचशे किलो वजन, खेड्यातील घरी पोहोचले पाहिजे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. टिनाच्या छपराखाली त्या पिशव्या ठेवाव्या कोठे? पिशवी बदलताना हात धुण्यास निदान स्वच्छ पाणी हवे, आणि जोडणी करताना पंखा बंद, दार बंद ठेवण्याइतकी एक खोली हवी. एका खोलीत सहा माणसे राहत असतील तर ही अट पोकळ ठरते. पर्युदरशोथ झाल्यास पिशवीतील गढूळ द्राव पाहून त्याच दिवशी रुग्णालय गाठणारा कोणीतरी घरात असला पाहिजे. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्यास पोटाची नळी सुचविणे म्हणजे रुग्णालयाचा भार त्याच्या बायकोच्या किंवा सुनेच्या डोक्यावर टाकणे होय. उलट आठवड्यातून तीनदा पहाटेची एस. टी. धरून शहरात येणाऱ्या शेतमजुराची बुडालेली मजुरी, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसाची मजुरी, हीही कोणाच्या तरी डोक्यावर पडतच असते. या दोन भारांचे मोजमाप आकड्यांनी मांडलेला, याच दोन जिल्ह्यांतील रुग्णांवर आधारलेला अभ्यास कोणा पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतला तर तो शस्त्रपद्धतींच्या आणखी एका तुलनेपेक्षा अधिक उपयोगाचा होईल.

तोपर्यंत शस्त्रवैद्याच्या हाती असलेली एक साधी बाब सांगण्याजोगी आहे. नळीचे तोंड त्वचेवर कोठे काढावयाचे याची खूण रुग्ण टेबलावर निजल्यावर करीत नाहीत. तो बसलेला व उभा असताना, त्याच्या नेहमीच्या पोशाखात करतात. पाश्चात्त्य ग्रंथांत या ठिकाणी पट्ट्याची रेषा टाळावी असे लिहिलेले असते. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या कमरेस पट्टा असेलच असे नाही. करदोडा मात्र बहुधा असतो, त्यावर धोतराची किंवा पायजम्याची नाडी असते, आणि स्त्रीच्या कमरेस लुगड्याच्या निऱ्यांची गाठ व परकराची नाडी असते. चाळीस अंशांच्या उन्हात घामाने भिजलेली ही गाठ नळीच्या तोंडावर दिवसभर घासली, तर कोणत्याही पद्धतीने बसविलेली नळी टिकत नाही. म्हणून गाठ नाभीच्या खाली बांधणाऱ्यास नळीचे तोंड तिच्या वर काढावे लागते व त्यासाठी जन्मतःच वाकडी, हंसाच्या मानेसारखी वळविलेली नळी, जी ट्वार्डोव्हस्की याने १९८५ मध्ये सुचविली, ती उपयोगी पडत नाही, सरळ नळीच मागवावी लागते. गाठ वर बांधणाऱ्या स्त्रीस याच्या उलट. ही विचारपूस परिचारिकेने आदल्या दिवशी, रुग्णास उभे करून, कोळशासारख्या न पुसणाऱ्या शाईने करून ठेवावयाची असते.